सोलापूरचं लर्निंग, विजापूरचा रस्ता आणि सरावाचे तास

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका गृहस्थांच्या मुलीला अठरा पूर्ण झाल्यावर कारचं लर्निंग लायसन मिळालं आहे. दिवाळीत विजापूरला मामाकडे जाताना गाडी मीच चालवणार, असं तिने घरात जाहीर केलंय. सोलापूरचं लर्निंग कर्नाटकात चालतं का, तिथले नियम वेगळे आहेत का, हे त्यांना हवंय. मेलबर्नला असलेला त्यांचा भाऊ म्हणतो की तिकडे १२० तास गाडी चालवल्याची नोंद दाखवल्याशिवाय टेस्टच देता येत नाही. मग आपल्याकडे ३० दिवसांत कसं भागतं, हा दुसरा प्रश्न. आणि सोळा वर्षांच्या धाकट्याला क्लासला जायला स्कूटी द्यावी का, हा तिसरा.

मी सोलापुरात बरीच वर्षं गाडी शिकवतो. त्या अनुभवावर सांगतो.

लर्निंग कर्नाटकात चालतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की शिकाऊ असो वा पक्कं, या कायद्याखाली दिलेलं लायसन संपूर्ण भारतात लागू असतं. टाकळीजवळ भीमा ओलांडून कर्नाटकातल्या धूळखेडला गेलात म्हणून मुलीचं लर्निंग रद्द होत नाही. लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसनची टेस्ट ते हातात पडल्यापासून ३० दिवसांनंतर देता येते, हेही देशभर सारखंच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही आरटीओकडे अर्ज करता येतो. उद्या ती शिकायला पुण्यात गेली तर टेस्टसाठी सोलापूरला येण्याची सक्ती नाही.

पण लर्निंग चालतं म्हणजे काय, हे नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेक घरांत गफलत होते. कायद्याचं कलम ३ म्हणतं की लायसनशिवाय कुणी गाडी चालवायची नाही. शिकणाऱ्याला त्यातून सूट आहे, पण काही अटींवर, आणि त्या अटी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ३ मध्ये आहेत. लर्निंग जवळ हवं. त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन असलेला माणूस शेजारी हवा, आणि तो गाडी आवरू किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. पुढे आणि मागे एल बोर्ड हवा. पांढऱ्या पाटीवर लाल अक्षर, पाटी १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर निदान १० सेंटिमीटर उंच. काचेच्या कोपऱ्यात मार्करने काढलेला एल या मापात बसत नाही.

यातली एक अट जरी मोडली तरी ती सूट संपते. मग पोलिसांच्या दृष्टीने तुमची मुलगी लायसनशिवाय गाडी चालवत असते आणि कलम १८१ लागतं: ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

दंडापेक्षा मोठी गोष्ट विम्याची आहे. तुमच्या गाडीची पॉलिसी काढून त्यातलं चालकाविषयीचं कलम वाचा. लर्निंगवाला गाडी चालवू शकतो, असं तिथे असतं, पण पुढे नियम ३ पाळला असेल तर, अशी अट जोडलेली असते. म्हणजे मागच्या सीटवर आई बसलीय, तिच्याकडे लायसन नाही आणि मुलगी एकटीच पुढे आहे, अशा वेळी ठोकलं तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. समोरच्या जखमी माणसाची भरपाई सहसा बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वरण सिंग प्रकरणात लर्निंग हेही लायसनच आहे असं धरलं आणि तिसऱ्या माणसाच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीला सहज झटकता येणार नाही, असं सांगितलं. पण अट मोडली असेल आणि अपघात त्यामुळेच झाला असेल, तर कंपनी दिलेली रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायला येऊ शकते. मालक तुम्ही आहात.

मग राज्याराज्यांत बदलतं काय? कायदा केंद्राचा असला तरी जागेवर भरायचं तडजोड शुल्क ठरवण्याचा अधिकार कलम २०० ने राज्यांना दिलाय. त्यामुळे एकाच चुकीला इथे एक रक्कम आणि भीमेपलीकडे दुसरी. वेगमर्यादेचंही तसंच. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत कारसाठी कमाल मर्यादा एक्सप्रेसवेवर ताशी १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि शहराच्या हद्दीत ७० अशी आहे. राज्य सरकारं त्याहून कमी ठरवू शकतात आणि ठरवतातही. म्हणून आकडे पाठ करण्यात अर्थ नाही, रस्त्यावरचा बोर्ड वाचायचा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, बेंगळुरू-म्हैसूर महामार्गाच्या मुख्य रस्त्यावर ती २०२३ पासून आहे. टेस्टचा ट्रॅकही सगळीकडे सारखा नाही, केरळात कारवाल्यांचा घाम काढणारा एच आकाराचा ट्रॅक प्रसिद्ध आहे. धूळखेडच्या पुढे मुलीला खरं जाणवेल ते एवढंच की गावांच्या पाट्या आणि सूचना कन्नडमध्ये आहेत. तिला चिन्हं आकारावरून ओळखता आली पाहिजेत: लाल कडेचं वर्तुळ म्हणजे मनाई किंवा मर्यादा, त्रिकोण म्हणजे पुढे धोका, निळं वर्तुळ म्हणजे सक्ती. महाराष्ट्रात २०२१ पासून लर्निंगची परीक्षा घरबसल्या ऑनलाइन देता येते. सोय चांगली आहे, पण घरात शेजारी बसून दुसऱ्याच कुणी उत्तरं सांगितल्याची कितीतरी मुलं माझ्याकडे येतात. तुमच्या मुलीला चिन्हांचा तक्ता पुन्हा एकदा स्वतः विचारा.

आता तुमच्या भावाचं म्हणणं. ते खरं आहे आणि मनावर घेण्यासारखं आहे. मेलबर्न व्हिक्टोरिया राज्यात येतं. तिथे सोळाव्या वर्षी लर्निंग मिळतं, पण एकविसाच्या आतल्या मुलाला १२० तास चालवल्याची नोंदवही भरावी लागते आणि त्यातले २० तास रात्रीचे लागतात. एकट्याने चालवायचं लायसन अठराच्या आधी नाही. त्यानंतरही नवखा चालक म्हणून एक वर्ष लाल आणि तीन वर्षं हिरव्या पी अक्षराची पाटी लावून फिरायचं. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्येही १२० तास, शिवाय शिकणाऱ्याला ताशी ९० च्या वर जाता येत नाही. क्वीन्सलँडमध्ये १०० तास, त्यात १० रात्रीचे. एका देशातच एवढा फरक आहे. ब्रिटनमध्ये उलट तासांची अटच नाही, पण शेजारी बसणारा निदान २१ वर्षांचा आणि तीन वर्षं लायसन बाळगलेला हवा. मोटरवेवर शिकणाऱ्याला २०१८ पर्यंत मज्जाव होता, आता जाता येतं ते फक्त मान्यताप्राप्त शिक्षकाबरोबर आणि दुहेरी ब्रेकच्या गाडीतून.

आपल्याकडे स्वतः शिकणाऱ्याला तासांची अट नाही. रात्रीची नाही, शिकाऊ म्हणून वेगळ्या वेगमर्यादेची नाही, आणि शेजारी बसणाऱ्याने किती वर्षं गाडी चालवलेली असावी याचीही नाही. ड्रायव्हिंग स्कूलला मात्र आहे: कारसाठी निदान २१ दिवस आणि त्यात प्रत्यक्ष स्टिअरिंगवर निदान १० तास. २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचा जो नवा अभ्यासक्रम आला, त्यात कारसाठी २९ तास धरलेत, ८ वर्गातले आणि २१ गाडीतले. सरकारने स्वतःच दहावरून एकवीसवर उडी घेतली, यावरून दहा तास किती तोकडे आहेत हे कळतं.

देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. हा केंद्र सरकारचाच आकडा आहे. मला राग येतो तो ३० दिवसांच्या अटीचा अर्थ लोक ज्या तऱ्हेने लावतात त्याचा. ३० दिवस ही टेस्ट देण्याची सर्वांत लवकरची तारीख आहे, आणि घरोघरी ती शिकणं संपल्याची तारीख मानली जाते. एकतिसाव्या दिवशी टेस्ट, बत्तिसाव्या दिवशी मुलगा एकटा पुणे हायवेला. अहो, सहा महिने दिलेत ना कायद्याने? ते वापरा. ट्रॅकवर पास होणं अवघड नाही. ट्रॅकवर रात्र नसते, समोरून अपर (लांबचा झोत) मारणारा ट्रक नसतो, रॉंग साइडने येणारा ट्रॅक्टर नसतो.

माझा आग्रह असा: टेस्टच्या आधी तिचे निदान ५० तास व्हावेत, त्यातले १० अंधार पडल्यावरचे. साधी वही करा. तारीख, वेळ, कुठला रस्ता, किती वेळ, काय जमलं नाही. ५० हा कायद्याचा आकडा नाही, माझा आहे. रोज पाऊण तास काढलात तर दोन-सव्वादोन महिन्यांत होतात. मात्र तास नुसते होटगी रोडला सरळ ये-जा करून भरायचे नाहीत. सोलापूरभोवती चार-पाच तऱ्हेचे रस्ते आहेत आणि प्रत्येक रस्ता वेगळं काही शिकवतो. पहिले काही तास सकाळी सहा-साडेसहाला जुळे सोलापूरच्या आतल्या रस्त्यांवर: हाफ क्लच, चढावर गाडी मागे न सोडता उचलणं, रिव्हर्स. मग सात रस्ता, पार्क चौक, भय्या चौक अशा ठिकाणी, आधी दुपारी दोन-तीनच्या सुमारास आणि नंतर संध्याकाळच्या गर्दीत. तिथे तिला रिक्षा कुठून घुसेल याचा अंदाज घ्यायला शिकवा. नवी पेठ आणि विजापूर वेस शेवटी ठेवा, तिथे गाडी चालवण्यापेक्षा थांबायला जास्त शिकावं लागतं. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या (जत्रेच्या) दिवसांत होम मैदानाच्या बाजूला तिला नेऊच नका. कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांनी तो रस्ता भरलेला असतो, वाहनं वळवतात. आषाढीच्या आधी पंढरपूरकडच्या रस्त्यांवर पहाटे अंधारात वारकरी चालत असतात. हे दिवस घरातल्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

महामार्ग त्यानंतर. आणि महामार्गाबद्दल दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली रॉंग साइडची. चौपदरी झाले, दुभाजक आले, की गावकऱ्याला समोरच्या शेतात जायला लांबून वळसा पडतो. तो वळसा टाळायला मोटरसायकल, ट्रॅक्टर, कधी बैलगाडीही कडेने उलटी येते. नवखा चालक डावीकडची लेन सुरक्षित समजून तिथेच राहतो आणि नेमका तिथेच उलटा येणारा भेटतो. तिला सांगा, डाव्या लेनमध्ये चालवायचं पण नजर लांब ठेवायची. वळण, पूल आणि गावाचा फाटा दिसला की पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा.

दुसरी उसाची. आपल्या जिल्ह्याइतके साखर कारखाने राज्यात दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात नाहीत. गाळप साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतं, म्हणजे तुमचा विजापूरचा बेत बरोबर त्याच वेळी आहे. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. टायर फुटलेली ट्रॉली रस्त्यातच उभी करून चाकांमागे दगड लावतात, आणि ट्रॉली गेली तरी दगड तिथेच राहतात. आता हिशेब बघा. डिपरवर (जवळच्या झोतावर) साधारण ४०-५० मीटर दिसतं. ताशी ८० ने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दिसलं, कळलं आणि पाय ब्रेकवर गेला यात सव्वा-दीड सेकंद जातो, म्हणजे तीसेक मीटर संपले. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर दाबून ब्रेक मारला तरी अजून ३५-४० मीटर लागतात. एकूण ६५-७० मीटर. ट्रॉली दिसली तेव्हाच ठोकायची ठरलेली असते. ताशी ५० ने हेच अंतर ३३-३५ मीटरवर येतं आणि गाडी दिसण्याच्या टप्प्यात थांबते. समोरून गाडी येत असल्यामुळे डिपर ठेवावा लागतोय तेव्हा ५०, समोर कुणी नाही तेव्हाच अपर लावून थोडा वेग, ही सवय लर्निंगमध्येच लागली पाहिजे. ट्रॉलीला ओव्हरटेक करताना उजवीकडे बाहेर आलेला ऊस धरून जागा सोडायची, आणि पुढे दुसरी ट्रॉली आहे हे गृहीत धरूनच निघायचं.

आता तुमच्याबद्दल, कारण शेजारी तुम्ही बसणार आहात. आमच्या स्कूलच्या गाडीत माझ्या पायाखाली ब्रेक आणि क्लच असतो. तुमच्या गाडीत तुमच्या हाताशी फक्त हँडब्रेक आहे. बसण्याआधी मोकळ्या मैदानात, ताशी १५-२० वर, डाव्या सीटवरून तो ओढून बघा. बटण दाबलेलं ठेवून, हळूहळू. एकदम खेचलात तर मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी होते. नव्या गाड्यांत बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असतो, तो सहसा धरून ठेवला की गाडी थांबवतो. तुमच्या गाडीचं पुस्तक वाचून खात्री करा. ज्या गाडीत तो बटणाचा ब्रेक ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला आहे, ती गाडी घरी शिकवण्यासाठी वापरू नका. तुम्हाला थांबवता येणार नाही आणि नियम ३ ची अटही पाळली जाणार नाही. सक्शनवर बसणारा जास्तीचा आतला आरसा दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो तुमच्यासाठी लावा.

बोलणंही ठरवून घ्या. सूचना आधी द्यायची, चौक आल्यावर नाही. पुढच्या सिग्नलला डावीकडे, असं शंभर मीटर आधी. तिने चूक केली तर ती त्याच वेळी दाखवू नका. गाडी कडेला घ्यायला लावून मग बोला. आवाज चढवलात की मुलं शेजारच्याच्या चेहऱ्याकडे बघतात आणि रस्ता सुटतो. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की एखादा बाप रागीट असेल तर मी सरळ सांगतो, मावशीला किंवा काकाला बसवा. तुमचा फोन खिशात राहू द्या. शिकवणारा मोबाइल बघत असेल तर गाडीत शिकवणारा नाहीच. शिकवणाऱ्याला निदान पाच वर्षांचा रोजचा सराव हवा, हीदेखील माझी अट, कायद्याची नाही. चुलतभावाला गेल्या वर्षी लायसन मिळालं म्हणून त्याला बसवू नका.

विजापूरचा बेत असा करा. दिवाळीपर्यंत तिचे ३० तास झाले नसतील तर तिने त्या दिवशी गाडी चालवू नये. झाले असतील तर सकाळी उजेडात निघा, सोरेगाव ओलांडेपर्यंत तुम्ही चालवा, मग तिच्याकडे द्या. तेरामैलला चहाला थांबा आणि तिथून टाकळीपर्यंत पुन्हा तिला चालवू द्या. एका बैठकीला तासाच्या वर नको. नवख्या माणसाचं लक्ष त्यानंतर विरतं, त्याला स्वतःला ते कळत नाही. पुढे झळकीच्या बाजूला तिला आणखी एकदा द्यायला हरकत नाही. परतीचा प्रवास अंधारात येत असेल तर तुम्हीच चालवा. गाडीत मागे पाहुणे, फराळाचे डबे आणि लहान मुलं कोंबून तिला चालवायला लावू नका. लर्निंग, तुमचं लायसन, आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात, पण फोनची बॅटरी संपते म्हणून प्रती ठेवा. कुठे काही झालंच तर आधी जखमीला मदत, दोन्ही राज्यांत १०८ लागतो, महामार्गावर १०३३ आहे. तिथून निघून जायचं नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा. घाबरलेली मुलं पळतात.

धाकट्याचं उत्तर नाही असं आहे. सोळा ते अठरामध्ये कायदा फक्त ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवू देतो, तीही लायसन काढून. बाजारात मिळणाऱ्या पेट्रोल स्कूट्या बहुतेक ११० आणि १२५ सीसीच्या आहेत, त्यामुळे ती सवलत त्याच्या कामाची नाही. त्याला ती गाडी चालवायला दिलीत तर कलम १९९अ खाली तुम्हाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होऊ शकते आणि त्याला स्वतःला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. २५० वॅटपर्यंतच्या, ताशी २५ च्या वर न जाणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरला लायसन लागत नाही. दुकानदार मात्र बिनलायसनची म्हणून जास्त वेगाच्याही खपवतात, तेव्हा मोटरची वॅट आणि कमाल वेग कागदावर बघा. ती घेतलीत तरी आयएसआयचं हेल्मेट पट्टा लावून घालायचं आणि अक्कलकोट रोडवर किंवा हैदराबाद रोडवर जायचं नाही. त्या वेगाची गाडी जड वाहनांच्या मधे चेपली जाते. त्याचा क्लास मुख्य रस्त्याच्या पलीकडे असेल, तर अजून दोन वर्षं सायकल, रिक्षा किंवा तुमची मागची सीट.

आणि मुलीच्या टेस्टची तारीख आत्ताच घेऊन ठेवली असेल तर ती पुढे ढकला. लर्निंगची मुदत संपायला दीड महिना बाकी राहील अशा बेताने नवी घ्या. समजा नापास झाली तर सात दिवसांनी पुन्हा देता येते, तेवढी जागा हाताशी राहते.